ताप इलो तर जागतलो कोण?

मूल दीड महिन्याचं झालं की घरात पहिला घटनात्मक पेच उभा राहतो. त्याआधी नावावरून थोडी चकमक झालेली असते, पण नावाचं एक बरं असतं. दाखल्यावर एक ठेवायचं, घरात दुसऱ्याच नावाने हाक मारायची, दोन्हीकडची माणसं खूश. लशीत ही सोय नाही. कार्डावर टोचलं आणि घरात नाही टोचलं, असा तोडगा अजून कुणाला सापडलेला नाही.

जन्माच्या वेळच्या लशींवरून कुणी भांडत नाही, कारण भांडायला सवडच मिळत नाही. गोव्यातलं मूल बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात जन्मो की म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात (ज्याला पेडणे-डिचोलीची माणसं अजून ‘आझिलो’च म्हणतात), बीसीजी, पोलिओचे थेंब आणि कावीळ-ब ची पहिली मात्रा उरकूनच ते घरी येतं. त्या वेळी बाप पेढे कुठून आणायचे या विवंचनेत असतो आणि आईला झोप सोडून जगात कशाचीच इच्छा नसते. सरकारने साधलेला हा मुहूर्त एखाद्या भटजीलाही साधला नसता.

मग सहा आठवड्यांची उसंत मिळते. तेवढ्या काळात घरात मतं जमा होतात. माहेरचं एक, सासरचं एक, शेजारणीचं एक, आणि व्हॉट्सअॅपवर तर मोजायलाच नको. सहाव्या आठवड्यात मुलाला द्यायचं असतं पेंटाव्हॅलंट, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ-ब आणि हिब या पाचांवर एकच सुई. शिवाय न्यूमोनियाची पीसीव्ही, पोलिओची दंडातली बारीक सुई, आणि तोंडातून पोलिओ व रोटा. डाव्या मांडीत एक, उजव्या मांडीत एक, दंडात एक. आईला पोराच्या अंगावर टोचायला एवढी जागा शिल्लक आहे हेच तोवर ठाऊक नसतं.

त्यातली पेंटा ताप आणते. डांग्या खोकल्याचा अख्खा जंतू मारून तिच्यात घातलेला असतो, त्याला पाहून पोराचं शरीर खवळतं. ताप एखाद-दोन दिवसांत उतरतो, मांडी दुखायची राहते, पोर पुन्हा खेळायला लागतं. वैद्यकाच्या दृष्टीने प्रकरण इथे संपलं. घराच्या दृष्टीने ते इथे सुरू होतं, कारण ताप दिवसा येत नाही. तो रात्री दोनला येतो.

पेडण्यात आणि डिचोलीत मी या विषयावरची बरीच भांडणं ऐकली आहेत. काही ओट्यावरची, काही कदंबच्या बसमधली, बहुतेक आरोग्य केंद्राच्या बाकावरची. त्यातून माझं एक मत झालं आहे. नवरा-बायकोत लशीवरून जे भांडण होतं, ते लशीचं नसतंच. ते त्या रात्रीचं असतं. पेडण्याकडच्या एका माउलीने सगळ्या शास्त्राचं सार एका वाक्यात काढलं होतं. नवरा तिला लस का घ्यावी हे मोबाइलवरून वाचून दाखवत होता. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “तां सगळां खरां. पण ताप इलो तर जागतलो कोण?” नवऱ्याने पुढचा परिच्छेद वाचला नाही.

हे सूत्र हातात आलं की सगळी कोडी सुटतात. लशीचा आग्रह धरणारा तो, ज्याला उद्या सकाळी कामावर जायचं आहे. विरोध करणारी ती, जिला आज रात्री घरीच राहायचं आहे. आणि पाळी बदलली की मतं बदलतात. माझ्या ओळखीच्या एका जोडप्यात बायको पेंटाच्या तिन्ही वेळांना कुरकुरत होती, नवरा मोठा विज्ञाननिष्ठ. पुढे ती औद्योगिक वसाहतीतल्या नोकरीवर परत गेली आणि त्याला मोपाच्या विमानतळावर रात्रपाळी लागली, म्हणजे दिवसा पोर त्याच्याकडे आणि रात्रीचा उरलेला तापही त्याच्याच वाट्याला. दीड वर्षाचा बूस्टर आला. आता बायको म्हणू लागली, “वेळेवर टोचलंच पाहिजे,” आणि विज्ञाननिष्ठ नवरा म्हणाला, “थोडं थांबूया. पोराची स्वतःची प्रतिकारशक्ती तयार होऊ दे.” दीड वर्षात विज्ञान बदललं नव्हतं, पाळी बदलली होती.

ज्यांच्या खिशात थोडे पैसे आहेत त्यांच्या भांडणाला आणखी एक फाटा फुटतो: दुखणारी की न दुखणारी? आरोग्य केंद्रातली लस फुकट आणि तापाची. खासगी दवाखान्यातली न दुखणारी, आणि तिचं दुखणं बापाच्या पाकिटात. त्या लशीत डांग्या खोकल्याच्या जंतूचे फक्त निवडक भाग असतात, म्हणून ताप कमी. पण तिने दिलेलं संरक्षण तुलनेने लवकर ओसरतं, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. म्हणजे इथेही हिशेब तोच, आज जागायचं की पुढे बूस्टरकडे डोळे लावून बसायचं. डिचोलीच्या बाजारात बांगड्याच्या वाट्यावर दहा रुपये कमी करून घेणारा बाप त्या दवाखान्यात मात्र एक शब्द न बोलता काही हजार मोजून येतो. त्याला वाटतं आपण लस विकत घेतली. प्रत्यक्षात त्याने झोप विकत घेतलेली असते.

भांडण टोकाला गेलं की ‘पुढे ढकलणे’ हा सर्वपक्षीय ठराव मंजूर होतो, आणि त्यासाठी गोव्याइतकं सोयीचं पंचांग कुठे नसेल. लईराईची जत्रा झाली की टोचू. चवथ झाली की टोचू. पुनव होऊ दे. शिगमो होऊ दे. पेडण्याच्या माणसाला तर आश्वासनाची परंपराच आहे. कोजागरीच्या पुनवेला तिथला भूतनाथ आपल्याला देऊळ नाही म्हणून रुसून रानाकडे धाव घेतो, आणि भाविक “सायबा, देऊळ बांधतो” अशी समजूत घालून त्याला परत आणतात, अशी आख्यायिका आहे. दरवर्षी देव रुसतो, दरवर्षी आश्वासन मिळतं. साक्षात देवाला वाटेला लावणाऱ्या मंडळींना नर्सबाई म्हणजे किस झाड की पत्ती! फरक एवढाच, की देव वर्षातून एकदा विचारतो आणि नर्सबाई अंगणवाडीच्या बाईंना घेऊन दुसऱ्याच आठवड्यात दारात उभी राहते.

काही घरांत प्रश्न देवळात जातो. आमच्याकडे देवाला कौल लावायची रीत आहे. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि गाऱ्हाणं घालून वाट पाहायची. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. एका आजीने सुनेच्या आग्रहाखातर विचारलं, “पोराला टोचू काय?” डावी पडली. सून खूश. आजी खमकी. तिने पाकळ्या पुन्हा लावायला लावल्या आणि देवाला विचारलं, “मग या आठवड्यात नको, पुढच्या आठवड्यात टोचू?” उजवी पडली. सून म्हणाली, हा तर प्रश्नच बदलला. आजी म्हणाली, “देवाक नीट इचारूक होया.” सर्वेक्षणवाल्यांनी या बाईकडून धडे घ्यावेत.

लशीच्या बाजूने आजी आणि विरोधात सून हे चित्र शहरी वाचकाला उलटं वाटेल, पण आमच्याकडे ते सर्रास दिसतं. त्याचं कारण आजीच्या दंडावर आहे. सत्तरी ओलांडलेल्या कुठल्याही बाईने बाही वर केली की देवी टोचल्याचे गोल वण दिसतात, आठ आण्याएवढे. तिने देवीचा रोग पाहिला आहे, निदान त्या रोगाने गेलेल्या भावंडांच्या गोष्टी ऐकत ती वाढली आहे. जगातून हा रोग गेल्याची घोषणा १९८० च्या मे महिन्यात झाली. त्यानंतर जन्मलेल्या माणसाला देवी म्हणजे फक्त देवळातली माहीत.

हरमल-मांद्र्याच्या किनारपट्टीवर हा सामना आंतरराष्ट्रीय होतो. थंडीत तिथे येऊन महिनोन् महिने राहणाऱ्या गोऱ्या पाहुण्यांत सकाळी योगासनं, दुपारी फळं आणि लशीच्या नावाने नकार, असा संप्रदाय पाळणारी कुटुंबं आढळतात. अशाच एका कुटुंबाच्या म्हाताऱ्या घरमालकिणीने आपल्या भाडेकरणीला विचारलं, पोराला टोचलंस का? गोरी बाई हसून म्हणाली, आम्ही निसर्गावर विश्वास ठेवतो. मालकिणीच्या सुनेने ते म्हातारीला समजावून सांगितलं. म्हातारी माशाची खवलं काढत होती. हात न थांबवता ती म्हणाली, “निसर्गानच आमच्या घराची दोन पोरां व्हेली मा.” याचं भाषांतर करून सांगायला सून तयार होईना. गोऱ्या बाईचा नवरा मात्र हातवाऱ्यांवरून काय ते समजला असावा, कारण संध्याकाळी तो मालकिणीच्या मुलाला गुपचूप विचारत होता, इथे जवळ लस कुठे मिळते?

या गुपचूपपणालाही मोठी परंपरा आहे. १७१८ साली इस्तंबूलमध्ये इंग्लंडच्या वकिलाची बायको, लेडी मेरी वर्टली माँटेग्यू, राहत होती. देवीच्या रोगाने तिचा भाऊ गेला होता आणि तिच्या चेहऱ्यावरही त्या रोगाचे वण होते. तिथल्या म्हाताऱ्या बायका सुईने देवीचा द्रव टोचून मुलांना वाचवतात हे तिने पाहिलं आणि आपल्या मुलाला टोचून घेतलं. नवरा तेव्हा कामावर बाहेरगावी होता. त्याला तिने नंतर पत्राने कळवलं. देवीवर जेन्नरची लस यायला अजून अठ्ठ्याहत्तर वर्षं होती, पण ‘नवरा बाहेर असताना उरकून घेणे’ ही पद्धत तेव्हापासून सिद्ध झालेली आहे. आमच्याकडे नवरा कुवेतला असतो. लेडी मेरीच्या नवऱ्याकडे व्हिडिओ कॉल नव्हता, एवढंच तिचं नशीब. इथे सुईच्या ऐन क्षणी फोन वाजतो आणि पडद्यातून आवाज येतो, “दाखव, दाखव, कुठची लस ती दाखव!” नर्सबाई कॅमेऱ्याला बाटली दाखवतात. त्याला काय दिसतं देव जाणे, पण “ओके” म्हणतो.

खुद्द जेन्नरने १७९६ च्या मे महिन्यात पहिली लस टोचली ती आपल्या माळ्याच्या आठ वर्षांच्या मुलाला. माळ्याचं आणि माळिणीचं त्या रात्री काय बोलणं झालं याची नोंद वैद्यकाच्या इतिहासात नाही, आणि मला त्यातला तेवढाच भाग वाचायचा होता. आपल्या मुंबईत प्लेगची लस तयार करणाऱ्या हाफकिनने १८९७ च्या जानेवारीत ती आधी स्वतःला टोचून घेतली. शौर्य निर्विवाद. पण हेही ध्यानात घ्या, की तो अविवाहित होता.

गोव्यात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम आली ती २०१७ च्या फेब्रुवारीत. देशात पहिल्या टप्प्यात जी राज्यं निवडली त्यांत गोवा होतं, आणि नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांखालच्या सगळ्या मुलांना टोचायचं होतं. चर्चेला नवा उत्साह आला, कारण आता मूल दीड महिन्याचं नव्हतं, चौदा वर्षांचं होतं आणि त्यालाही मत होतं. व्हॉट्सअॅपवर अफवांना ऊत आला. कुणाला तरी लंडनच्या एका डॉक्टरचा शोध सापडला, की अशा लशीने ऑटिझम होतो. तो निबंध १९९८ चा, फक्त बारा मुलांवर बेतलेला. ज्या ‘लॅन्सेट’ने तो छापला त्यानेच २०१० मध्ये मागे घेतला आणि त्याच वर्षी लेखक वेकफिल्डची डॉक्टरकीही गेली. पण फॉरवर्ड मागे घ्यायची सोय कुठल्याच नियतकालिकाकडे नाही.

कायद्याकडे जावं म्हटलं तर गोव्याचा कायदा आणखी मजेदार. कौटुंबिक बाबतीत आम्ही अजून १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेचं लेकरू. त्या संहितेने कुटुंबप्रमुख म्हणून मुलांचा कारभार मुख्यतः बापाकडे सोपवला आणि आईबद्दल लिहिलं, की मुलांच्या हिताच्या सगळ्या बाबतींत तिचं म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे. पोर्तुगालमध्ये बसून हे कलम लिहिणारा गृहस्थ पेडण्यात आला नसावा. इथे आईचं म्हणणं ऐकायला कायदा लागत नाही, ते तिसऱ्या घरापर्यंत ऐकू जातं. कलम हवं होतं ते बापाचंही ऐकावं असं. आणि सासूविषयी संहितेत चकार शब्द नाही, यावरून ती किती अपुरी आहे ते दिसतं. इकडे सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी, एका बालरोगतज्ज्ञाच्याच याचिकेवर, कोविडच्या बाबतीत सांगितलं की कुणालाही जबरदस्तीने लस टोचता येणार नाही, शरीर ज्याचं त्याचं. निकाल उत्तम आहे. दीड महिन्याच्या पक्षकाराने आपली बाजू मांडली तर तो काय म्हणेल हे मात्र सांगायला नको, तो सुई दिसायच्या आधीच म्हणत असतो.

या सगळ्यात कुत्र्यांचं बरं चाललं आहे. ‘मिशन रेबीज’ची माणसं २०१४ पासून जाळी घेऊन गोव्याच्या गल्लीबोळांत फिरतात, कुत्रा पकडतात, टोचतात, डोक्यावर रंगाचा टिळा लावून सोडून देतात. २०२१ मध्ये गोवा हे देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. कुत्र्याच्या आईने बापाला काही विचारलं नाही, कारण बाप कुठे आहे हेच तिला ठाऊक नव्हतं.

आता प्रत्यक्ष प्रसंग बघू. आरोग्य केंद्र, लसीकरणाचा दिवस, बाकावर गर्दी. नर्सबाई गार पेटीतून बाटली काढतात आणि आधी तिच्या लेबलाकडे बघतात. तिथे एका जांभळट वर्तुळात फिका चौकोन असतो. बाटलीला उष्णता लागली की चौकोन गडद होत जातो, आणि त्याचा रंग वर्तुळाएवढा झाला की ती बाटली बाद. अख्ख्या खोलीत रंग न बदललेली वस्तू तेवढीच असते. आईचा चेहरा पांढरा झालेला असतो, बापाचा त्याहून. “पोराक धरा,” नर्सबाई म्हणतात. इथे महिनाभर लशीची बाजू लढवणाऱ्या बापाला एकदम आठवतं, की स्कूटर वाटेत लावली आहे. विरोध करणारी आई पोराला मांडीवर घेते, त्याचे दोन्ही हात आपल्या हाताखाली दाबते आणि भिंतीवरच्या पोस्टरकडे बघत बसते. अनुभवी नर्सबाई मात्र स्कूटरवाल्यांना ओळखून असतात. “तू थांब. तूच धर,” असं म्हणून त्या पोर बापाच्या हातात देतात. पोर रडतं. बाप डोळे मिटतो. सुईने बापाला स्पर्श केलेला नसतो, पण तिथे उभ्या असलेल्या बाईने मागाहून सांगितलं, की ‘आई गं’ दोघांच्या तोंडून निघालं.

मग नर्सबाई चार गोष्टी सांगतात: कुठली लस दिली, कशासाठी दिली, ताप आला तर काय करायचं, पुढची तारीख कधी आणि कार्ड हरवायचं नाही. (या पाच झाल्या, पण पहिल्या दोन त्या एका श्वासात सांगतात.) “आणि टोचल्या जाग्यार कायएक लावूचा नाय!” हे सहावं, आजीकडे बघून. आजीच्या पिशवीतली हळद पिशवीतच राहते. अर्धा तास तिथेच थांबायचं असतं. तो अर्धा तास मूळ भांडणाच्या दुसऱ्या अंकासाठीच राखून ठेवला आहे, अशी माझी समजूत आहे.

आणि रात्री दोनला ताप येतो. आई उठते, पॅरासिटामॉल मापून देते, ओल्या फडक्याने अंग पुसते, खांद्यावर घेऊन पडवीत येरझाऱ्या घालते. बाप कुशीवर वळतो आणि झोपेतच विचारतो, “उतरला?” सकाळी आठला त्याच्या मोबाइलवर पोराचा फोटो झळकतो, खाली ‘आमचा वाघ!’ आणि अंगठ्यांचा पाऊस पडतो.

एवढं होऊनही पोरं टोचली जातात, ही त्यातली गंमत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पूर्ण लसीकरण झालेल्या मुलांचं प्रमाण देशभरात ६२ टक्के होतं आणि गोव्यात ८८ टक्के. म्हणजे आमच्या माणसांनी कौल लावला, कुवेतला फोन केला, जत्रा-चवथ-शिगमो सगळं ओलांडलं, आणि शेवटी बाकावर येऊन बसलीच. तेव्हा आईबापांना लशीचं महत्त्व पटवण्यासाठी सरकारने आणखी फलक लावायची गरज नाही. फलक लावायचाच तर एक लावावा: ‘टोचल्यानंतरच्या रात्री बापाने जागावे. हुकमावरून.’ निम्मा विरोध त्याच आठवड्यात मावळेल.

तोवर देवाकडेच दाद मागायला हवी, आणि त्यासाठी आमच्याकडे गाऱ्हाण्याइतकं जुनं आणि खणखणीत साधन दुसरं नाही. तेव्हा मंडळी, हात जोडा.

हे बा रवळनाथा, भूतनाथा, भगवती माये, शांतादुर्गे, शिरगावच्या लईराई माये! आज ह्या लेकरान आपल्या मांडयेर सुई घेतल्यान हा, ती त्येका गुणाक लागांदे रे म्हाराजा!

व्हय म्हाराजा!

त्येच्या आवशी-बापाशीत जो काय वाद आसात, तो पुढच्या तारखेपर्यंत मिटांदे, आणि काय चुकला-माकला असात तां पदरात घे रे म्हाराजा!

व्हय म्हाराजा!

जो कोण रात्री-अपरात्री वायट-वंगाळ फॉरवर्ड धाडता, त्येचो रिचार्ज संपांदे रे म्हाराजा!

व्हय म्हाराजा!

आणि आज राती ताप इलो, तर बापाशीक जाग येवंदे रे म्हाराजा!

व्हय म्हाराजा!

या शेवटच्या होकारात सगळ्यांत मोठा आवाज बापाचा असतो. देवाच्या दारात ‘व्हय’ म्हणायला त्याचं काय जातं? रात्री दोनला देव कुणाला उठवायला येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. त्याच्या बायकोलाही ते ठाऊक असतं, म्हणून ती देवावर विसंबत नाही. तिने यंदा त्याच्याच मोबाइलवर पहाटे दोनचा गजर लावून ठेवला आहे.